विश्लेषण : घरातल्या स्पीकरचा बेस का घुमतो? नवा सेट घेण्याआधी खोलीचे गणित समजून घ्या

दुकानात ऐकताना आवाज स्वच्छ होता. तोच होम थिएटर सेट घरी हॉलमध्ये लावला, की प्रत्येक गाण्यामागे एकच धमधम सुरू होते. सिनेमातले संवाद नीट कळत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर खालच्या मजल्यावरून निरोप येतो. पुण्यातल्या अनेक फ्लॅटमध्ये हे घडते. पहिला संशय स्पीकरवर जातो आणि पुन्हा खर्चाचा विचार सुरू होतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा दोष स्पीकरचा नसून खोलीचा आणि मांडणीचा असतो. तो कसा ओळखायचा आणि फारसा खर्च न करता कसा आवरायचा, हे समजून घेऊ या.

नेमकी तक्रार कोणती?

‘बेस जास्त आहे’ या एकाच वाक्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी असू शकतात. पहिली म्हणजे घुमणे. ठोका संपला तरी आवाज खोलीत रेंगाळतो, काही ठरावीक स्वर इतरांपेक्षा फार मोठे वाटतात. दुसरी म्हणजे फाटणे. आवाज वाढवला की वूफर भरभरतो किंवा ‘फट्’ असा आवाज करतो. हे स्पीकर किंवा अॅम्प्लिफायरवर क्षमतेपेक्षा जास्त ताण आल्याचे लक्षण आहे. तिसरी म्हणजे खडखड. शोकेसची काच, कपाटाचे दार, फॉल्स सीलिंगमधला दिवा किंवा खिडकीची सरकती झडप बेसबरोबर थरथरते.

फरक ओळखायला तबल्याचे रेकॉर्डिंग चांगले. डग्ग्यावरची प्रत्येक थाप सुटी ऐकू येत असेल तर बेस ठीक आहे. सगळ्या थापा एकमेकींत मिसळून मागे एकच गुंजारव राहत असेल तर खोली घुमते आहे. या लेखात मुख्यतः याच तक्रारीचा विचार केला आहे.

स्पीकर तोच, मग घरी आवाज का बदलतो?

याचे उत्तर आवाजाच्या लहरींच्या लांबीत आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरला, तर १००० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३४ सेंटिमीटर भरते. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी मात्र जवळपास ७ मीटर असते. म्हणजे बेसची लहर अनेकदा खोलीपेक्षाही लांब असते. ती समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परत येते. भिंतींमधले अंतर लहरीच्या निम्म्या लांबीइतके असेल तर जाणारी आणि परतणारी लहर एकमेकींत मिसळते आणि एक स्थिर लहर तयार होते. तिला ‘रूम मोड’ म्हणतात. त्या कंपनसंख्येचा स्वर भिंतींजवळ फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळपास नाहीसा होतो.

हे गणित घरी करता येते. ५६५ या आकड्याला भिंतींमधल्या फुटांतल्या अंतराने भागायचे, की पहिल्या मोडची कंपनसंख्या हर्ट्झमध्ये मिळते. उदाहरणार्थ, १६ बाय १० फुटांचा हॉल आणि साडेनऊ फूट उंची घेऊ. लांबीचा मोड येतो ३५ हर्ट्झला, रुंदीचा सुमारे ५७ ला आणि उंचीचा सुमारे ६० ला. लांबीचा दुसरा मोड दुप्पट, म्हणजे ७१ च्या आसपास. रुंदी आणि उंची यांचे आकडे जवळपास सारखे आले, हे लक्षात घ्या. या हॉलमध्ये ५७ ते ६० हर्ट्झचा पट्टा दुहेरी फुगणार. बेस गिटार, ढोल आणि सिनेमातले स्फोट यांचा बराचसा जोर याच परिसरात असतो.

चौकोनी खोलीत परिस्थिती आणखी बिघडते. १० बाय १० च्या बेडरूममध्ये तिन्ही दिशांचे पहिले मोड ५७ ते ६० हर्ट्झमध्येच गोळा होतात. त्यामुळे तिथे लावलेला छोटा सेटसुद्धा ‘एकाच सुरात’ बोलतो.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी एक सोपी खूण आहे. पुरुष गायकाचा सा काळी एकचा, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झचा असेल, तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर ६९ हर्ट्झच्या जवळ येतो. तानपुऱ्याचा बहुतेक आवाज मूळ स्वरात नसतो. जवारीमुळे उठणाऱ्या वरच्या स्वरांशांत तो असतो. म्हणून खर्जाची तार घरी इतर तारांपेक्षा ठळकपणे ‘हूं’ करू लागली, तर ती भर खोलीने घातली असण्याची शक्यता जास्त.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हा त्रास जास्त का?

कारण बांधकामाचे साहित्य. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत लाकडी तक्तपोशी आणि फळ्यांच्या भिंती असत. असे हलके, किंचित हलणारे पृष्ठभाग खालच्या पट्टीतली थोडी ऊर्जा शोषून घेतात. आता भिंती विटांच्या किंवा ब्लॉकच्या, वर-खाली काँक्रीटचा स्लॅब आणि जमिनीला टाइल्स असतात. नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीच्या बांधकामात तर आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात. ध्वनिशास्त्राच्या प्रमाणित तक्त्यांनुसार रंगवलेले गुळगुळीत काँक्रीट १२५ हर्ट्झला आवाजाचा जवळपास १ टक्काच भाग शोषते. चौकटीवर बसवलेला पातळ जिप्सम बोर्ड त्याच कंपनसंख्येला सुमारे २९ टक्के शोषतो.

इंटरनेटवरचे बरेच सल्ले अमेरिकी घरे डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. तिथल्या अनेक घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड लावून केलेल्या असतात. बेसचा काही भाग त्या स्वतःच खातात किंवा बाहेर जाऊ देतात. आपल्याकडे तो खोलीतच फिरत राहतो. म्हणून ‘खोलीच्या आकाराप्रमाणे इतक्या इंचांचा सबवूफर घ्या’ असा तिथला हिशोब इथे तसाच लागू होत नाही.

बेस वाढला की शब्द का हरवतात?

मोठा खालचा आवाज त्याहून वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकून टाकतो. हा कानाचाच गुणधर्म आहे. त्याला ‘मास्किंग’ म्हणतात. संवादातली व्यंजने बारीक आणि क्षणिक असतात, त्यामुळे ती आधी हरवतात. मग शब्द कळावेत म्हणून आपण आवाज वाढवतो, त्याबरोबर बेसही वाढतो आणि शब्द पुन्हा झाकले जातात. घरात ऐकू कमी येणारी ज्येष्ठ व्यक्ती असेल तर ही अडचण अधिक जाणवते. अशा वेळी आवाज वाढवण्याऐवजी बेस दोन-तीन पायऱ्या खाली आणला, तर त्याच आवाजात संवाद स्पष्ट होतो.

सुरुवात कुठून करायची?

बटणांपासून, कारण त्याला काहीच खर्च नाही. एकाच गाण्याचा बेस अनेक ठिकाणी वाढवलेला असू शकतो : मोबाइलच्या सेटिंगमधला इक्वलायझर, गाण्याच्या अॅपमधला वेगळा इक्वलायझर, टीव्हीचा ‘मूव्ही’ मोड, अॅम्प्लिफायरचा बेस नॉब आणि सबवूफरच्या मागचा आवाजाचा नॉब. हे सगळे आधी शून्यावर किंवा ‘फ्लॅट’वर आणा. ‘बेस बूस्ट’ नावाचे जे काही असेल ते बंद करा.

‘लाउडनेस’ बटणाचा वेगळा विचार करावा लागतो. आवाज लहान असताना माणसाच्या कानाला बेस कमी ऐकू येतो. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे आलेख मांडले होते. ही तूट भरून काढण्यासाठी लाउडनेसचे बटण कमी आवाजात बेस वाढवते. रात्री हळू आवाजात ऐकताना ते उपयोगी आहे. पण अनेक सेटमध्ये ते आवाज मोठा केल्यावरही तितकाच बेस घालत राहते. रात्री चढवलेला बेस सकाळी तसाच राहून गेला, तरी हाच परिणाम होतो.

स्पीकर आणि सोफा कुठे ठेवावा?

भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकरचा बेस वाढतो, कारण मागे जाणारी लहर भिंतीवरून परतून पुढच्या लहरीत मिसळते. तत्त्वतः प्रत्येक पृष्ठभागामुळे ६ डेसिबलपर्यंत भर पडू शकते. जमीन आणि दोन भिंती एकत्र येतात तो कोपरा म्हणूनच सर्वांत जास्त घुमवणारी जागा ठरतो. आपल्याकडे वूफर नेमका तिथेच जातो : टीव्ही युनिटच्या बाजूला, कोपऱ्यात, कुणाच्या पायात येणार नाही असा.

तो कोपऱ्यातून दोन फूट जरी बाहेर काढला तरी फरक ऐकू येतो. मुख्य स्पीकर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात असतील तर बाहेर काढा. कप्प्याची पोकळी स्वतःच घुमते. डाव्या-उजव्या स्पीकरची मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासूनची अंतरे एकसारखी ठेवू नका. अंतरे वेगळी असली की एकाच स्वरावर दुहेरी परिणाम होत नाही. फार लांब काढल्यावर उलटा प्रश्नही येऊ शकतो. मागची भिंत एक मीटरवर असेल तर सुमारे ८६ हर्ट्झला परतलेली लहर मूळ लहरीला मारते आणि तिथला बेस पोकळ होतो. म्हणून अर्ध्या-अर्ध्या फुटाने सरकवत ऐकणे हाच मार्ग.

सोफ्याची जागाही तितकीच महत्त्वाची. लहान हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असतो आणि तिथे सगळेच मोड फुगलेले असतात. सोफा शक्य तितका पुढे घ्या. एक फूट मिळाला तरी चालेल. पण खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका, तिथे काही स्वर गायब होतात. खोलीच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांशावरची जागा सुरुवातीला चांगली.

स्पीकरला मागे किंवा पुढे गोल भोक, म्हणजे पोर्ट असेल, तर आणखी एक सोपा उपाय आहे. स्पंजचा गोल तुकडा किंवा गुंडाळलेला स्वच्छ मोजा त्या भोकात हलकेच बसवा. पेटी बंद झाली की खालचा बेस कमी होतो आणि थाप आटोपशीर ऐकू येते. नाही आवडले तर काढून टाकता येते. मात्र तो आत पडेल इतका खोल ढकलू नका. अॅम्प्लिफायर पेटीतच असेल तर भोक बंद करण्याआधी माहितीपुस्तिका पाहा.

सबवूफर असेल तर?

त्याची योग्य जागा शोधण्याची एक जुनी युक्ती आहे. वूफर तात्पुरता सोफ्यावर, तुमच्या नेहमीच्या बसण्याच्या जागी ठेवा. बेसचे चढउतार असलेले एखादे ओळखीचे गाणे लावा. मग ज्या ज्या ठिकाणी वूफर ठेवणे शक्य आहे तिथे खाली वाकून, कान वूफरच्या उंचीवर आणून ऐका. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतात ती वूफरची जागा. ध्वनीच्या बाबतीत बोलणारा आणि ऐकणारा यांची अदलाबदल केली तरी त्यांच्यातला मार्ग तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते.

त्यानंतर क्रॉसओव्हर, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येखालचा आवाज वूफरने द्यायचा ती सीमा ठरवा. ८० हर्ट्झ हा रूढ आकडा आहे. स्पीकर फार छोटे असतील तर सीमा थोडी वर न्यावी लागते. ती जास्त वर गेली की पुरुषांचे आवाज वूफरमधून आल्यासारखे जड वाटतात. शेवटी फेजचे बटण शून्य आणि १८० अंशांवर करून पाहा. ज्या स्थितीत ठोका घट्ट ऐकू येतो ती ठेवा. आवाजाचा नॉब हळूहळू वाढवा आणि वूफर वेगळा जाणवू लागला की जरा मागे या.

एका मोठ्या वूफरपेक्षा दोन लहान वूफर बरे, हेही अभ्यासातून दिसले आहे. हार्मन कंपनीचे संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये यावर शोधनिबंध मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन वूफर ठेवले तर काही मोड एकमेकांना मारतात आणि बेस सर्व जागांवर अधिक सारखा पोहोचतो.

पडदे, गालिचा, अंड्यांचे ट्रे उपयोगी पडतात का?

बेससाठी नाही. सच्छिद्र साहित्य लहरीच्या लांबीच्या साधारण एक चतुर्थांश जाडीचे असेल तर चांगले शोषण करते. ५८ हर्ट्झसाठी ही जाडी जवळपास दीड मीटर येते. एक इंची फोम किंवा पडदा फक्त वरच्या पट्टीतला आवाज खातो. अंड्यांचे कागदी ट्रे तर तेही धड करत नाहीत आणि पटकन पेट घेतात, त्यामुळे भिंतीला लावूच नयेत. उलट भरपूर पडदे-गालिचे लावले तर तीक्ष्ण आवाज कमी होतो, बेस तसाच राहतो आणि खोली आणखी जड वाटते.

थोडाफार उपयोग होतो तो जाड, मोठ्या वस्तूंचा : गुबगुबीत सोफा, जाड गाद्यांचा दिवाण, फॉल्स सीलिंग. पक्का उपाय करायचा तर कोपऱ्यात चार ते सहा इंच किंवा त्याहून जाड रॉकवूलचे, कापडाने झाकलेले पॅनेल भिंतीपासून थोडे सोडून उभे करतात. त्याचे तंतू हाताळताना हातमोजे आणि मास्क हवा. सरकते दार किंवा बेडरूमचे दार उघडले की बेस काही प्रमाणात बाहेर निसटतो. मात्र मग तो शेजाऱ्यांकडेही जातो.

मोबाइलने मोजता येते का?

तुलनेपुरते येते. टोन जनरेटरचे मोफत अॅप घ्या आणि लहान आवाजात ३० पासून १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जा. आवाज मोठा ठेवू नका, सलग स्वराने छोटा वूफर खराब होऊ शकतो. कोणत्या आकड्यावर खोली एकदम भरते, ते लिहून ठेवा. वर काढलेल्या गणिताशी तो जुळतो का ते पाहा. कोणती वस्तू खडखडते तेही याच चाचणीत सापडते. फेल्टची टिकली किंवा दुहेरी टेपचा तुकडा लावून ती शांत करता येते. अधिक अचूकता हवी असल्यास ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर आणि यूएसबी मापन माइक वापरतात.

फुगलेला आकडा कळला की इक्वलायझर कामाला येतो. साध्या बेस नॉबने सगळाच बेस कमी होतो. पॅरामेट्रिक इक्वलायझरमध्ये फक्त ५८ हर्ट्झभोवतीचा अरुंद पट्टा ५-६ डेसिबलने खाली घेता येतो. विंडोज संगणकासाठी ‘इक्वलायझर एपीओ’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. अनेक एव्ही रिसीव्हरमध्ये स्वतःच मोजून दुरुस्ती करणारी सोय असते. नियम एकच : उंचवटे कापा, खड्डे भरू नका. गायब झालेला स्वर १० डेसिबलने वाढवायचा तर अॅम्प्लिफायरला दहापट शक्ती लागते आणि तो स्वर तरीही त्या जागेवर उमटत नाही.

अॅपवर आकडा कमी, तरी शेजारी तक्रार का करतात?

भिंत उच्च स्वर अडवते, खालचे स्वर मात्र तिच्यातून जातात. कंपनसंख्या निम्मी झाली की साध्या भिंतीची आवाज अडवण्याची क्षमता तत्त्वतः सुमारे ६ डेसिबलने घटते. त्यामुळे शेजारच्या घरात गाणे पोहोचत नाही, फक्त धमधम पोहोचते. शिवाय टाइल्सवर ठेवलेला वूफर स्लॅबलाही हादरे देतो. त्याखाली जाड रबराचे किंवा फोमचे पॅड ठेवले तर हे हादरे कमी होतात, पण हवेतून जाणारा बेस त्याने थांबत नाही.

मोजमापातही एक मेख आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खासगी साउंड सिस्टीमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये, असेही नियम सांगतो. ही मर्यादा ‘ए’ भारांकनात मोजली जाते. कानाच्या संवेदनेनुसार त्यात खालचे स्वर कमी धरले जातात. ५० हर्ट्झचा स्वर त्यात सुमारे ३० डेसिबलने कमी दिसतो. म्हणजे त्या स्वराची प्रत्यक्ष पातळी ८० डेसिबल असली तरी मीटर ५० दाखवणार. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत ज्याला सर्रास ‘डॉल्बी’ म्हटले जाते, त्या स्पीकरच्या भिंतींसमोर छातीत जाणवणारा दणका मीटरच्या आकड्यात पूर्ण का दिसत नाही, त्याचे एक कारण हेच. म्हणून अॅपवरचा आकडा मर्यादेत आहे, एवढ्यावरून शेजाऱ्याला त्रास होत नाही असे म्हणता येत नाही. खात्रीचा उपाय म्हणजे नेहमीच्या आवाजात सेट लावून एकदा त्यांच्या घरात जाऊन ऐकणे. रात्री दहानंतर सबवूफर बंद ठेवला तर बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

हे सगळे करूनही बेस आवरला नाही तर?

तर सेट मित्राच्या किंवा नातेवाइकांच्या वेगळ्या आकाराच्या खोलीत लावून पाहा. तिथेही तसाच घुमत असेल तर स्पीकरच बेसकडे झुकलेला आहे. बाजारातले अनेक स्वस्त सेट दुकानात चटकन छाप पडावी म्हणून तसेच बनवलेले असतात. तिथे तो स्वच्छ वाजत असेल तर नवा सेट घेऊन उपयोग नाही, तोही तुमच्या हॉलमध्ये तसाच घुमेल. खरेदीसाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जा किंवा ऑनलाइन मागवा, निघण्याआधी हॉलची लांबी, रुंदी आणि उंची टेपने मोजून घ्या. दुकानदाराला वॉटचा आकडा विचारण्याआधी हे तीन आकडे सांगा. लहान, चौकोनी खोली असेल तर छोटा वूफर किंवा वूफरशिवायचे दोन चांगले स्पीकर पुरेसे ठरतात आणि खर्चही कमी होतो.